‘तो मरत नाही’: फँटमचं अमरत्व, कागदावरचं आणि पडद्यावरचं

फँटम अमर नाही. गोळी लागली तर रक्त सांडणारा, एकविसाव्या पिढीतला हाडामांसाचा माणूस आहे तो. पण जंगलात, बंदरावरच्या गुत्त्यांत, चाच्यांच्या जहाजांवर त्याच्याबद्दल एकच बोललं जातं: चारशे वर्षं झाली, हा आहे तसाच आहे, याला मरण नाही. त्याची सगळी ताकद या बोलण्यावर उभी आहे. त्याला उडता येत नाही, अंगात अचाट बळ नाही, जादू तर नाहीच. समोरच्या गुंडाच्या मनात ‘याला मारून उपयोग नाही’ ही धास्ती आधीच बसलेली असते, ते त्याचं खरं शस्त्र. मरणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनतीने सांभाळलेलं अमरत्व असा नायक कॉमिक्सच्या दुनियेत मला दुसरा माहीत नाही.

१९९६ साली पॅरामाउंटने त्याच्यावर मोठा चित्रपट काढला. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आतच गल्ला जमला. पुढचा भाग निघाला नाही. अपयशाची कारणं तेव्हापासून तीच सांगितली जातात: जांभळे घट्ट कपडे हास्यास्पद दिसले, गोष्ट जुन्या वळणाची होती, आणि ७ जूनला त्याच दिवशी ‘द रॉक’ लागला, शिवाय ‘मिशन इम्पॉसिबल’ आधीपासून गर्दी खेचत होता. यातलं काही खोटं नाही. पण माझ्या मते खरी दुखापत आणखी आत झाली. फँटमच्या अमरत्वाची जी रचना कागदावर साठ वर्षं टिकली होती, तिचे सांधे पडद्यावर नेताना निखळले. ते कुठे आणि कसे, हे पाहण्यासाठी आधी मूळ रचना नीट बघायला हवी.

ली फॉक हा सेंट लुईसचा, १९११ साली जन्मलेला. खरं नाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. १९३४ मध्ये त्याचा जादूगार मँड्रेक वर्तमानपत्रांत सुरू झाला आणि लोकांना आवडला. मग त्याने वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या किंग फीचर्स सिंडिकेटला राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांवरची मालिका देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. त्यानंतर आला तो फँटम. पहिल्या काही महिन्यांची गोष्ट फॉकने आखली, नमुना म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची चित्रं स्वतः काढली, आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून रोजची चित्रकथेची पट्टी छापून येऊ लागली. चित्रांचं काम रे मूरकडे गेलं. फॉक तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि १९९९ मध्ये मरेपर्यंत तो हे लिहीत राहिला. तो नाटकाचाही माणूस होता. मार्लन ब्रँडो रंगमंचावर शेवटचा उभा राहिला तो १९५३ मध्ये, फॉकच्याच निर्मितीत. पात्राने कधी प्रवेश करायचा आणि आत येण्याआधी त्याच्याबद्दल इतरांनी काय बोलून ठेवायचं, याची जाण फँटमच्या पानापानात दिसते. तो चौकटीत येण्याआधी त्याचं नाव आलेलं असतं, कुणीतरी ते दबक्या आवाजात घेतलेलं असतं.

गंमत अशी की सुरुवातीला फँटम म्हणजे नेमका कोण, हेच फॉकचं पक्कं नव्हतं. पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, निरुद्योगी वाटणारा तरुण आहे. दिवसा मौजमजा करणारा जिमीच रात्री मुखवटा चढवतो, असा मूळ बेत होता. गोष्ट छापून येत असतानाच फॉकने तो सोडला आणि नायकाला जंगलात नेऊन त्याच्यामागे चारशे वर्षांचा वारसा उभा केला. जिमी वेल्स त्या गोष्टीत तसाच मागे राहून गेला, काढून घेतलेल्या भूमिकेतल्या नटासारखा. श्रीमंत तरुण आणि रात्रीचा मुखवटा ही जोडी वाचकांना १९३९ मध्ये बॅटमनच्या रूपाने मिळालीच. पण फँटम जिमी वेल्सच राहिला असता तर तो एका माणसाचं गुपित ठरला असता. वारसा आला आणि ते एका घराण्याचं गुपित झालं. ही उडी चालू मालिकेच्या मध्यावर, रोजच्या छपाईच्या धावपळीत मारली गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

उगमाची कथा थोडक्यात अशी. १५३६ साल. एका इंग्रजी जहाजावर चाचे तुटून पडतात, कप्तान मारला जातो. त्याचा मुलगा ख्रिस्तोफर वॉकर तेवढा वाचतो आणि बंगाला या काल्पनिक देशाच्या किनाऱ्यावर वाहत येतो. बांदार नावाचे बुटके आदिवासी त्याला सांभाळतात. पुढे बापाच्या मारेकऱ्याचं प्रेत किनाऱ्याला लागतं, आणि त्याच्याच कवटीवर हात ठेवून मुलगा शपथ घेतो: चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांचा नायनाट करण्यात आयुष्य घालवीन, आणि माझी मुलं, त्यांची मुलं माझ्यामागून हेच करतील. एवढं ऐकलं की सूडकथा वाटते. पण शपथेचा शेवटचा तुकडा पाहा. अजून जन्मलेल्याही नसलेल्या मुलांना हा तरुण बांधून टाकतो आहे. पुढची सगळी रचना या एका वाक्यातून निघाली आहे.

रचना चालते अशी. फँटमचा मुलगा कवटीच्या गुहेत वाढतो, शिक्षणासाठी समुद्रापार पाठवला जातो. बाप मरणाला टेकला की त्याला निरोप जातो. तो परततो, बापाचे डोळे मिटतात, मुलगा तीच शपथ घेतो आणि तसेच कपडे चढवतो. बापाचा देह गुहेतल्या तळघरात, आधीच्या फँटमांच्या रांगेत ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी जंगलात फँटम पूर्वीसारखाच घोड्यावरून फिरताना दिसतो. बाहेर कुणाला कळतही नाही की काल कुणी मेलं. गुहेत जाडजूड वह्यांची रांग आहे. प्रत्येक फँटमने आपल्या हाताने आपल्या काळाची हकिगत त्यांत लिहून ठेवली आहे. बाहेर दंतकथा, आत दप्तर. नव्या फँटमला एखादा पेच पडला की तो वही काढून वाचतो, आणि सातव्या किंवा तेराव्या पूर्वजाची गोष्ट सुरू होते. फॉकला यातून कथांची न आटणारी खाण मिळाली, आणि वाचकाला सतत जाणीव राहिली की यातला प्रत्येक जण मेला आहे.

या मरणांची किंमत मला फार मोठी वाटते. फँटमच्या मृत्यूचा जाहीर शोक होत नाही. ज्या लोकांसाठी त्याने आयुष्य वेचलं त्यांच्या लेखी तो जिवंतच असतो. त्याचं चांगलं काम मुलाच्या खात्यात जातं, मुलाचं नातवाच्या. स्वतःचं नाव पूर्ण पुसून घ्यायची तयारी असलेल्यालाच हे अमरत्व चालवता येतं. बाहेरच्या जगात तो कोट, टोपी आणि काळा चष्मा घालून ‘मिस्टर वॉकर’ म्हणून वावरतो, आणि ते आडनावसुद्धा ‘चालणारं भूत’ या त्याच्या बिरुदातूनच आलेलं.

मुखवट्याचं पण तसंच. फँटमच्या मुखवट्यामागे बुबुळं दिसत नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी दिसतात. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून हे सुचल्याचं फॉक सांगत असे. घट्ट अंगरखा आणि बुबुळांशिवायचा मुखवटा घालणारा तो पहिलाच. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये आला. मला मात्र त्यात गोष्टीची गरजही दिसते. डोळ्यांवरून माणूस ओळखतात, वय ओळखतात. डोळे झाकले की पन्नाशीचा बाप आणि पंचविशीचा मुलगा यांत फरक उरत नाही. आणि उजव्या हातातली कवटीची अंगठी: ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो, तो जन्मभर जात नाही. असा प्रत्येक गुंड पुढे जिथे जाईल तिथे फँटमची जाहिरात घेऊन फिरतो.

तरीही या रचनेत एक अवघड जागा आहे, आणि ती झाकून पुढे जाणं मला पटत नाही. एक गोरं घराणं चारशे वर्षं एका जंगलावर दरारा ठेवून आहे आणि तिथले मूळ रहिवासी त्याला देवासारखं मानतात, ही मांडणी १९३६ च्या साम्राज्यांच्या जगातून आलेली आहे. किपलिंगच्या जंगलकथा आणि टारझन फॉकच्या डोक्यात होते. बांदार हे नावही किपलिंगच्या माकडांवरून उचललेलं. माणसांच्या जमातीला ते नाव देण्यात कुणाला काही खटकलं नाही, यावरून तो काळ कळतो. चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग, बंगाला देशाचं मूळ नाव बेंगाली, म्हणजे सगळा मालमसाला आपल्याच बाजूचा. जागा आफ्रिकेत सरकली ती नंतर. फॉकने पुढे यात बरंच बदललं. बंगाला स्वतंत्र झाला, डॉक्टर लामांडा लुआगा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, फँटम त्याचा मित्र झाला. आणि एक गोष्ट पहिल्यापासून होती: फँटम मरतो हे बांदारांना माहीत आहे. गुपित त्यांनीच राखलं आहे, गुहेच्या वाटेवर विषारी बाण घेऊन तेच उभे आहेत. म्हणजे निदान त्यांच्यापुरता तरी हा भोळ्यांना फसवण्याचा खेळ राहत नाही. बांदारांचा म्होरक्या गुरान आणि त्याचे लोक या कटातले बरोबरीचे भागीदार आहेत.

वर्तमानपत्री पट्टीचा आणखी एक गुण इथे कामी आला. रोज कुणीतरी नवा वाचक मधूनच येणार, हे धरून चालावं लागतं. म्हणून ‘उशिरा आलेल्यांसाठी’ असं म्हणत फॉक उगमाची गोष्ट दोन-तीन चौकटींत पुन्हा सांगे. जहाज, किनारा, कवटी, शपथ. जुन्या वाचकाला ती पाठ झालेली, तरी त्याने ती दरवेळी वाचायची. त्यामुळे वाचक कायम गुपिताच्या आत असतो आणि खलनायक बाहेर. मजा या अंतरात आहे. गुंड म्हणतो, ‘याला तर माझ्या आजोबांनीही पाहिलं होतं’, आणि आपल्याला माहीत असतं की आजोबांनी पाहिला तो याचा आजोबा.

आपल्याकडे फँटम चाळीसच्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून आला आणि मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मुंबईतून काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे घरोघरी पोचला. अमर चित्रकथा सुरू करण्याआधी अनंत पै या कामाशी जोडलेले होते. मराठीत तो वेताळ झाला, महाबली वेताळ. रात्री गस्त घालणारा, न दिसता गाव राखणारा वेताळ कोकण-गोव्याच्या माणसाला नवा नव्हताच. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात आणि रात्री फिरून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. अशा मुलखात हा जांभळा रखवालदार परका वाटला नाही, याचं आश्चर्य नको.

इंद्रजालच्या संपादकांनी काही बदल केले, ते या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे. बेंगालीचं डेंकाली केलं. सिंग चाच्यांचं सिंगा केलं. आणि रामा नावाच्या खुन्याचं रामालू. भारतीय वाचकाच्या हातात हे मूळ नावांनी देणं शक्यच नव्हतं. पट्टीच्या चौकटी पुस्तकाच्या पानांत बसवताना कापाकापीही झाली. पण गुहा, वह्या, तळघर, शपथ आणि उगमाची उजळणी यांना धक्का लागला नाही. नावं बदलूनही वेताळ उभा राहिला, कारण ज्यावर तो उभा आहे ते शाबूत होतं.

इंद्रजालचा पहिलाच अंक वेताळाच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा होता. विसाव्या फँटमला रामा मारतो आणि त्याचा कवटीचा कमरपट्टा काढून नेतो. एकविसावा, म्हणजे आपला फँटम, बापाच्या खुन्याला शोधतो आणि पट्टा परत आणतो. उगमाच्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत भारी वाटते. खुनी हा बाहेरच्या जगातला असा एक माणूस, ज्याला फँटम मेल्याचं पक्कं ठाऊक आहे. त्याने स्वतः मारलाय. पुरावा कमरेला आहे. आणि तरी जंगलात फँटम फिरतोच आहे. अमरत्वाची दंतकथा ज्याच्यावर चालायला नको, त्याच्यावर ती सगळ्यांत जास्त चालते.

पडद्यावर फँटम पहिल्यांदा आला १९४३ मध्ये, कोलंबियाच्या पंधरा भागांच्या मालिकेत. टॉम टायलर फँटम झाला होता. फँटमचं किट वॉकर हे नाव अजून रुळलं नव्हतं, म्हणून त्यात त्याचं नाव जेफ्री प्रेस्कॉट आहे. गोष्ट साधीच, हरवलेलं शहर शोधायची. पण सुरुवातीलाच म्हातारा फँटम मरतो आणि मुलगा त्याच्या जागी उभा राहतो. कमी पैशात, घाईघाईने केलेल्या त्या मालिकेने मूळ कल्पना नेमकी पकडली होती. पुढे कोलंबियाने तिचा दुसरा भाग करायला घेतला तेव्हा हक्क संपलेले निघाले, म्हणून नायकाचं नाव आणि वेष बदलून १९५५ मध्ये ती ‘कॅप्टन आफ्रिका’ म्हणून बाहेर पडली.

आता १९९६. दिग्दर्शक सायमन विन्सर ऑस्ट्रेलियाचा, जिथे फ्र्यू प्रकाशन १९४८ पासून फँटम छापत आलं आहे. फँटम झालेल्या बिली झेनला हे कॉमिक भेटलं तेही ऑस्ट्रेलियातच, एका चित्रीकरणाच्या वेळी. त्याने त्या घट्ट पोशाखात नकली स्नायू भरायला लागू नयेत म्हणून कसून व्यायाम केला. पटकथा जेफ्री बोमची. आधी जो दांते दिग्दर्शन करणार होता, तो शेवटी कार्यकारी निर्मात्यांत राहिला. जंगलाची दृश्यं थायलंडमध्ये घेतली, स्टुडिओचं काम ऑस्ट्रेलियात. गोष्ट १९३८ मधली. पोशाखाचा रंग जांभळा. फॉकच्या मनात करडा होता. २८ मे १९३९ ला रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला, तर स्कँडिनेव्हियात निळा झाला, इटलीत लाल. चित्रपटाने जांभळा ठेवला हे मला धाडसाचं वाटतं. फॉकला लाजायचं नाही, असं या मंडळींनी ठरवलेलं दिसतं. झेनही कुठे डोळा मारत नाही, पोशाखाची टर उडवत नाही. तो मनापासून फँटम आहे आणि म्हणून बघवतो.

चित्रपट उघडतो तो ‘उशिरा आलेल्यांसाठी’ या फॉकच्याच शब्दांनी. मग जहाज, आग, बापाला मारणारे चाचे, पाण्यात उडी मारणारा मुलगा, किनारा, आदिवासी, कवटीची अंगठी. पुढे वंश कसा चालला तेही सांगून होतं. दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं आणि आपण १९३८ मध्ये येतो.

माझ्या मते पहिला सांधा इथे निखळला. पट्टीत ही उजळणी चालते, कारण वाचकाने आधी फँटमची दहशत अनुभवलेली असते. चित्रपटात प्रेक्षकाला दंतकथा कळायच्या आधी तिचं स्पष्टीकरण मिळतं. ज्याला अजून कुणी घाबरलेलं आपण पाहिलं नाही, त्याचं अमरत्व खोटं आहे हे आपल्याला पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं. मग पुढे गुंड दचकतात तेव्हा आपल्या अंगावर काटा येत नाही. पट्टीतली जुनी युक्ती शब्दशः उचलली गेली. ती जिथे काम करत होती ती जागा मागेच राहिली.

याचं वाईट अधिक वाटतं, कारण पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत योग्य सुरुवात तयार पडली आहे. जेम्स रेमारने केलेला क्विल नावाचा गुंड आपल्या टोळीसह जंगलात येतो. त्याच्या कमरेला विसाव्या फँटमचा पट्टा आहे. त्यानेच त्याला पाठीत सुरा खुपसून मारलं होतं. आणि समोर फँटम उभा. कमरपट्ट्याची जुनी गोष्ट बोमने उचलली, खुन्याचं नाव बदललं, आणि चाच्यांच्या सिंग टोळीचं सेंग केलं. इंद्रजालने बत्तीस वर्षांपूर्वी केलेली दुरुस्ती हॉलिवुडने आपल्या वाटेने पुन्हा केली. क्विलच्या तोंडावरचा गोंधळ हीच या चित्रपटातली अस्सल फँटमची जागा आहे. पण आपल्याला उत्तर माहीत असल्यामुळे ती एका वाईट माणसाची फजिती होऊन राहते.

दुसरा सांधा म्हणजे बाप. पॅट्रिक मॅगूहन हा विसावा फँटम होऊन मुलाला दिसतो, त्याच्याशी बोलतो, टोमणे मारतो, लग्न कधी करणार विचारतो. नट उत्तम आहे आणि बापलेकांचे प्रसंग गोडही आहेत. एकट्या नायकाला बोलायला कुणीतरी हवं, ही पटकथेची अडचणही मी समजू शकतो. पण फॉकच्या जगात बाप खरोखर गेलेला असतो. त्याच्याशी बोलायचं तर वही उघडावी लागते, त्याच्या अक्षरातून त्याला शोधावं लागतं. बाप मरूनही गप्पा मारायला येत असेल तर मग या घराण्याने मरणावर मात करण्यासाठी केलेल्या साऱ्या खटाटोपाला काय अर्थ उरला? भूत असल्याची बतावणी करणाऱ्याच्या घरात खरंच भूत आलं, आणि ती बतावणी बिनमोलाची झाली.

तिसरा सांधा जादूचा. झँडर ड्रॅक्स (ट्रीट विल्यम्स) सोन्याची, चांदीची आणि जेडची अशा तीन कवट्यांच्या मागे लागतो. त्या एकत्र आल्या की अफाट शक्ती हाती येते. शेवटी चौथी कवटी फँटमच्या अंगठीत निघते आणि तिच्या जोरावर तो ड्रॅक्सला हरवतो. ज्या अंगठीचं काम गुंडाच्या जबड्यावर अफवा उमटवणं, ती किरणं सोडणारं हत्यार झाली. ज्याच्याकडे भीतीखेरीज काही नाही त्याच्या हातात खरी दैवी ताकद दिली की भीतीचं कामच उरत नाही.

आणि मधला मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये घडतो. पोशाखावर कोट चढवून किट वॉकर शहरात येतो, संग्रहालयात, प्राणिसंग्रहालयात पळापळी होते. दृश्यं चपळ आहेत. पण न्यूयॉर्कला फँटम माहीतच नाही. तिथे कुणाच्या आजोबाने त्याला पाहिलेलं नाही. दंतकथा नसलेल्या गावात त्याचा पोशाख म्हणजे फक्त जांभळे कपडे, आणि प्रेक्षकांना ते तसेच दिसले. पोशाख हास्यास्पद दिसला ही तक्रार मी सुरुवातीला सांगितली. तिचं मूळ मला इथे सापडतं. जंगलात, क्विलच्या नजरेतून, तो पोशाख हास्यास्पद नाही.

शेवटाकडे एक छान जागा आहे. आपलं गुपित फँटम फक्त एका व्यक्तीला सांगू शकतो, जिच्याशी लग्न करायचं तिला. डायना पामरने (क्रिस्टी स्वॉनसन) तो कोण ते आधीच ओळखलेलं असतं. डायनाशी लग्न म्हणजे बाविसावा फँटम, म्हणजे आणखी एका मुलाला शपथेत बांधणं. पट्टीत हे लग्न व्हायला १९७७ साल उजाडलं, एक्केचाळीस वर्षं लागली, नंतर किट आणि हेलोइज ही जुळी झाली. चित्रपटात तो प्रसंग हलका, प्रेमळ आहे आणि त्यामागचं ओझं दिसत नाही, पण निदान प्रश्न जवळून तरी गेला.

२००९ ची दोन भागांची दूरचित्रवाणी मालिका उलट्या टोकाला गेली. त्यात रायन कार्नेसचा बाविसावा फँटम दत्तक घरात ख्रिस मूर या नावाने वाढतो; आपण कुणाचे वारस हे त्याला ठाऊकच नसतं. साखळी तुटली तर काय, हा चांगला सवाल त्या मालिकेने विचारला. पण जुना पोशाख टाकून तिने ताकद वाढवणारा आधुनिक सूट आणला. बाप जसा दिसत होता तसाच मुलगा दिसला नाही, तर तो मेलाच नाही असं कुणाला वाटेल कशावरून? चित्रपटाने पोशाख राखून दंतकथा सोडली. मालिकेने वारशाचा प्रश्न राखून पोशाख सोडला.

पुढे कुणी हा चित्रपट पुन्हा करायला घेतलाच तर नवं काही शोधावं लागणार नाही. क्विलपासून सुरुवात करावी. अंधारात पाठीत सुरा, प्रेताच्या कमरेवरून काढलेला पट्टा, गुत्त्यात मारलेली बढाई. काही वर्षांनी तोच मेलेला माणूस घोड्यावरून समोर येतो, आणि प्रेक्षक क्विलइतकाच चक्रावलेला असतो. मग अर्ध्या वाटेवर डायनाला गुहेत आणावं, गुरानने तिला तळघरातली रांग दाखवावी, एकविसाव्याने बापाची शेवटची वही तिच्या हातात द्यावी. जहाज आणि कवटी तिथे, त्या वहीतून.